तोरण्याच्या पायथ्याशी अग्रलेख

'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तले 1908 सालचे दोन अग्रलेख. पहिला 12 मेचा, दुसरा 9 जूनचा. या दोन लेखांपायी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि 22 जुलैला न्यायमूर्ती दावरांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. सरकारला बोचावं म्हणून लिहिला जाणारा हा मजकूर आजची मराठी मुलं वाचतात ती सरकारात शिरण्यासाठी. अग्रलेख रोज, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे दोनच वर्ग आता उरलेत: पेन्शनर आणि स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. पेन्शनर वाचून संपादकांना पत्र लिहितात, उमेदवार हायलायटर फिरवतात.

गंमत पुढेच आहे. सनदी सेवेत निवड झाली की अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, 1968 लागू होतात आणि त्यातला सातवा नियम सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करतो. ज्या लेखनप्रकाराची पारायणं करून नोकरी मिळवायची, तो प्रकार निवृत्तीपर्यंत स्वतः हाताळायचा नाही. लोकहितवादींना ही अडचण आली नाही. सरकारी नोकरीत असतानाच 1848 ते 1850 या काळात 'प्रभाकर'मध्ये त्यांची शंभरावर पत्रं छापून आली, टोपणनावाने का होईना. अर्थात त्यांचा रोख सरकारपेक्षा आपल्याच समाजावर अधिक होता.

'अग्रलेख वाचत जा' हा सल्ला उमेदवाराला पहिल्या दिवसापासून मिळतो. देणारे अनेक: क्लासचे सर, निवड झालेले अधिकारी, गावातला एखादा सेवानिवृत्त मास्तर. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कशासाठी वाचायचा, वाचून त्याचं काय करायचं, आणि भोर किंवा वेल्ह्यात बसून वाचणाऱ्याने तो वेगळा वाचायचा का, हे बहुधा कुणी सांगत नाही. म्हणून या सगळ्याचा एकदा आढावा घ्यायला हवा.

आधी जागा. भोर पुण्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. पंतसचिवांच्या संस्थानाची ही राजधानी. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं, तेव्हापासून भोर हे पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वेल्हे त्याच्या शेजारी, तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याशी. 2011 च्या जनगणनेत या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या चौपन्न हजारांच्या घरात होती, जिल्ह्यात सर्वांत कमी. तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला. बोलताना मात्र अजून वेल्हेच. भोरला नगरपालिका आहे, महाविद्यालय आहे, बाजारपेठ आहे. वेल्ह्यात मोठं गाव म्हणावं असं काही नाही, त्यामुळे तिथलं पोरगं शिकायला निघालं की नसरापूर, मग खेड शिवापूर, मग थेट पुण्याच्या पेठा असा प्रवास करतं. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका, मेसचा डबा आणि कॉटबेसिसवरची खोली हा त्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम. पुणे जवळ असल्याचा फायदा आहेच. पण खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी भरायची ताकद नसेल, तर तेच पुणे फार लांब जातं. मुलींच्या बाबतीत तर घरून परवानगी मिळण्यापासून सुरुवात. अशा घरात बसून तयारी करणाऱ्याला सगळ्यांत स्वस्त मास्तर कोण, तर पाच-सहा रुपयांचा पेपर किंवा फोनवरचं त्याचं संकेतस्थळ. अग्रलेखाचं या भागातलं महत्त्व तिथून सुरू होतं.

या डोंगरांतून कुणी सनदी सेवेच्या परीक्षेपर्यंत पोहोचलं नव्हतं असं नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडजवळच रायगडच्या वाटेवर नाते हे गाव. चिंतामणराव देशमुखांचा जन्म तिथला, 1896 चा. 1918 साली लंडनच्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही. त्या काळी परीक्षेला बोटीने जावं लागे. आजचा उमेदवार एसटीने जातो, गर्दी मात्र कैकपटीने वाढली आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2024 च्या नागरी सेवा परीक्षेला 9 लाख 92 हजारांवर अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले 5 लाख 83 हजारांच्या आसपास, मुख्य परीक्षेला पात्र ठरले 14,627 आणि शिफारस झाली 1,009 जणांची. या आकड्यांपुढे अग्रलेख ही किरकोळ बाब वाटेल. किरकोळ आहेच. पण मुख्य परीक्षा लेखी असते, आणि लिहिण्याची तयारी लिहिलेलं वाचूनच होते.

परीक्षेचा साचा अग्रलेखाकडे कसा सरकत गेला, तेही पाहण्यासारखं आहे. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींनंतर 1979 पासून पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी तीन पायऱ्यांची रचना आली. 1993 पासून निबंधाचा स्वतंत्र पेपर आला. 2013 मध्ये सामान्य अध्ययनाचे चार पेपर झाले आणि त्यातला चौथा नीतिशास्त्राचा. या बदलांमागे ज्या समितीच्या शिफारशी होत्या, तिचे अध्यक्ष होते पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अरुण निगवेकर. आता निबंध 250 गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250 चे, ऐच्छिक विषयाचे दोन पेपर 500 चे, एकूण 1750. वर मुलाखतीचे 275. यातले निबंध आणि सामान्य अध्ययनाचे मिळून 1250 गुण असे आहेत की जिथे नुसती माहिती पुरत नाही, तिची मांडणी लागते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची गोष्ट जास्त वळणांची आहे. 2012 मध्ये राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी झाली. 800 गुणांपैकी फक्त 100 गुणांचा भाषेचा एक पेपर वर्णनात्मक राहिला. मग एक अख्खी पिढी चार पर्यायांतून एक गोल काळा करायला शिकली. त्या पिढीने अग्रलेख का वाचावा? तिने 'चालू घडामोडीं'ची पुस्तकं पाठ केली आणि तेच शहाणपणाचं होतं. 2022 मध्ये आयोगाने केंद्राच्या धर्तीवर वर्णनात्मक पद्धत 2023 पासून आणायचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यात उमेदवार रस्त्यावर बसले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने बदल 2025 पर्यंत पुढे ढकलला. त्या आंदोलनाला आळशी पोरांचा हट्ट म्हणणारे होते. मला ते पटत नाही. पाच-सहा वर्षं एका पद्धतीने घासलेल्या मुलाला ऐनवेळी दुसऱ्या आखाड्यात उतरवणं अन्यायाचंच होतं. पण 2025 च्या राज्यसेवेपासून नवी पद्धत लागू झाली आहे आणि तिच्यात निबंध आहे, सामान्य अध्ययनाची लेखी उत्तरं आहेत, भर महाराष्ट्रावर आहे आणि उत्तर मराठीत लिहिता येतं. मराठी अग्रलेखाला परीक्षेच्या बाजारात आलेली ही नवी किंमत आहे. भोर-वेल्ह्यातल्या बहुतेकांचं पहिलं लक्ष्य दिल्ली नसतं, राज्यसेवा किंवा कम्बाईन (संयुक्त परीक्षा) असतं. त्यामुळे हा बदल त्यांना थेट लागतो.

आता अग्रलेखातून नेमकं काय मिळतं? पूर्वपरीक्षेपुरतं बोलायचं तर जवळजवळ काही नाही. पूर्वपरीक्षेला वस्तुनिष्ठ तपशील लागतो: कोणता कायदा, कोणतं कलम, कोणता अहवाल कोण काढतं. तो बातमीत असतो, सरकारी प्रसिद्धिपत्रकात असतो, पाठ्यपुस्तकात असतो. अग्रलेखात तो गृहीत धरलेला असतो. पूर्वपरीक्षेला दोन महिने उरलेले असताना अग्रलेखाच्या नोट्स काढत बसणारा मुलगा अभ्यास करत नाही, अभ्यासाचं समाधान करून घेतो. शिवाय केंद्राची पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते, मराठीत नसते. मुख्य परीक्षेत उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण तिथेही प्रश्न त्या दोन भाषांतच. मराठी माध्यमाच्या उमेदवाराला वाचायचं एका भाषेत आणि लिहायचं दुसऱ्या भाषेत ही कसरत टळत नाही.

मुख्य परीक्षेचं गणित वेगळं. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरमध्ये तीन तासांत वीस प्रश्न. दहा गुणांच्या उत्तराला 150 शब्द, पंधरा गुणांच्या उत्तराला 250. म्हणजे विचार करून लिहायला सरासरी नऊ मिनिटं. निबंध मात्र दोन, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे. आता पेपर उघडून पाहा. इंग्रजी दैनिकाचं रोजचं संपादकीय साधारण चार-पाचशे शब्दांत संपतं. मराठीतला मोठा अग्रलेख हजाराच्या आसपास जातो. इंग्रजी संपादकीय सामान्य अध्ययनाच्या उत्तराच्या मापाचं आहे आणि मराठी अग्रलेख निबंधाच्या मापाचा. ज्याला उत्तर आवळायला शिकायचं आहे त्याने इंग्रजी संपादकीय वाचावं, ज्याला एक मुद्दा हजार शब्द ताणून धरायला शिकायचं आहे त्याने मराठी. 'हिंदू' चांगला की 'लोकसत्ता' या अभ्यासिकेतल्या वादात हा साधा फरक कुणी लक्षात घेत नाही.

निबंधाचे विषयही हळूहळू बदलले. 2016 साली राज्याराज्यांतले पाणीतंटे, सहकारी संघराज्य, रोजगाराविना होणारी वाढ असे विषय आले होते. पेपरचं संपादकीय पान वर्षभर वाचलेल्याला ते ओळखीचे वाटले असणार. 2021 नंतर मात्र विषय सुभाषितांसारखे येऊ लागले आहेत: विचार, भटकंती, अंतर्ज्ञान, जंगल. पाठ केलेला मजकूर ओतता येऊ नये हाच त्यामागचा हेतू दिसतो. अशा विषयाला अग्रलेखातली माहिती उपयोगी पडत नाही, पण त्याची बांधणी पडते. चांगला अग्रलेख एका ठाम विधानापासून निघतो, विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच पुढे आणतो, त्याला उत्तर देतो आणि मग निष्कर्षाला येतो. वाईट अग्रलेख विरुद्ध बाजूचा सर्वांत दुबळा मुद्दा निवडतो आणि त्याला बडवतो. हे दोन ओळखता येऊ लागले की वाचनाचं निम्मं काम झालं.

मराठीत या प्रकाराची परंपरा मोठी आहे आणि तिचा ताठाही मोठा आहे. 'महाराष्ट्र टाइम्स'मधले गोविंद तळवलकरांचे अभ्यासू अग्रलेख एका टोकाला, 'नवाकाळ'मधले नीलकंठ खाडिलकरांचे तोफखान्यासारखे अग्रलेख दुसऱ्या. खाडिलकरांना लोक 'अग्रलेखांचा बादशहा' म्हणत. वाचकाला ती शैली मोहवते, उमेदवाराला ती गोत्यात आणू शकते. परीक्षकाला 'चर्चा करा' किंवा 'समीक्षात्मक परीक्षण करा' म्हणताना उपरोध नको असतो. वर्षभर टोकदार अग्रलेख वाचलेल्या मुलाच्या उत्तरात नकळत 'सरकारला शहाणपण सुचेल तो सुदिन' अशा छापाची वाक्यं येतात. अग्रलेखात ती शोभतात. उत्तरपत्रिकेत तीच वाक्यं म्हणजे वाया गेलेले शब्द. विरोधी मत मांडू नये असं नाही, पण ते पुराव्याच्या आधाराने आणि उपाय सुचवून मांडावं लागतं. अग्रलेखाला उपाय न सुचवण्याची मुभा आहे, अधिकाऱ्याला नाही.

आणि अग्रलेख म्हणजे वेदवाक्य नव्हे. मार्च 2016 मध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांवरचा आपला अग्रलेख छापल्यावर लगेच दिलगिरीसह मागे घेतला. त्यावरची बाकीची चर्चा बाजूला ठेवली तरी एवढं दिसतं की छापलेलं मत आदल्या रात्री घाईत तयार झालेलं असतं आणि ते मागेही घेतलं जाऊ शकतं. त्याच दैनिकाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'ब्लॉग बेंचर्स' नावाचा उपक्रम चालवला. दिलेल्या अग्रलेखावर विद्यार्थ्यांनी आपलं मत लिहायचं, निवडक लेखनाला बक्षीस. स्पर्धा परीक्षेचं सदर चालवण्यापेक्षा मला हा उपक्रम जास्त उपयोगाचा वाटतो, कारण त्यात अग्रलेखाशी भांडायची सोय होती. बाकी पेपरांतल्या मार्गदर्शनपर सदरांमध्ये 'काय वाचावं' याची यादी भरपूर असते आणि वाचलेल्याचा विरोध कसा करावा, हे जवळजवळ नसतं.

एक मोठी अडचण वाचण्याच्या पद्धतीची झाली आहे. 2020 च्या टाळेबंदीत घरपोच अंक थांबले आणि उमेदवार फोनवर गेले, ते बव्हंशी तिथेच राहिले. टेलिग्रामवर पेपरांच्या पीडीएफ फिरू लागल्या. मे 2020 मध्ये एका हिंदी दैनिकाच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल काढायला सांगितलं, तरी फिरायच्या त्या फिरल्याच. त्यापुढची पायरी म्हणजे सारांश. रोज सकाळी कुणीतरी अग्रलेखाचे पाच मुद्दे करून टाकतं, महिन्याअखेरीस त्यांची पुस्तिका होते आणि मुलं ती वाचतात. आता तर सारांश यंत्रही काढून देतं. इथे मात्र मूळ वस्तूच हरवते. अग्रलेखातली माहिती दुय्यम आणि युक्तिवाद मुख्य, आणि सारांशात नेमका युक्तिवाद गळून माहिती उरते. पाच मुद्दे वाचलेल्याने अग्रलेख वाचलेला नसतो. रोज पाच सारांशांऐवजी आठवड्याला दोन अग्रलेख मुळातून वाचून, वही बंद करून, त्यांच्या विरोधी बाजूने दीडशे शब्द लिहिणं कधीही जास्त फळतं.

आता भोर-वेल्ह्याच्या मुलाकडे असलेला आणि त्याने क्वचितच वापरलेला फायदा. राज्यभर ज्यावर अग्रलेख लिहिले जातात त्यातले कितीतरी प्रश्न त्याच्या तालुक्यात घडतात. सगळ्यांत ठळक उदाहरण समूह शाळांचं. वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा राज्यात पंधरा हजारांच्या जवळपास होत्या. त्या एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात यासाठी शिक्षण विभागाने सप्टेंबर 2023 मध्ये प्रस्ताव मागवले. त्यावर बरंच लिहून आलं, आंदोलनं झाली. या कल्पनेसाठी दोन नमुने पुढे केले गेले: नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत. पानशेत म्हणजे वेल्हे तालुका. मुंबई-पुण्यातल्या संपादकाला जो नमुना कागदावर वाचावा लागला, तो इथल्या उमेदवाराला एसटीने जाऊन पाहता येतो.

अग्रलेखांतला वाद साधारण असा होता. समर्थक म्हणाले: तीन-चार मुलांच्या शाळेत शिकणं होत नाही, विषयवार शिक्षक नाहीत, खेळायला गडी नाहीत. मोठी शाळा, बस आणि प्रयोगशाळा दिली तर मुलांचंच भलं. विरोधक म्हणाले: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे. गावातली शाळा गेली की मुलींचं शिक्षण आधी तुटेल, आणि यामागे शिक्षकांची पदं वाचवण्याचा हिशेब आहे. दोन्ही बाजू लिहिणारा उमेदवार पास होण्याइतकं उत्तर लिहील. वेल्ह्याचा उमेदवार याच्या पुढे जाऊ शकतो. धरणाच्या फुगवट्यामुळे समोर दिसणारी वाडी रस्त्याने वळसा घालून कितीतरी लांब पडते, हे त्याला माहीत आहे. 'किलोमीटर' हे माप इथे फसवं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दरड आली, ओढा चढला की बस किती दिवस बंद राहते, हेही तो सांगू शकतो. उलट, पटावर दोनच मुलं असलेल्या शाळेत चौथीपर्यंत एकट्याने शिकलेला मित्रही त्याला ठाऊक असेल, आणि समूह शाळेच्या बाजूने तो मित्र कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त वजनाचा पुरावा आहे. मग उत्तर 'समूह शाळा असाव्यात की नसाव्यात' यावर अडकत नाही. अंतर नकाशावरून मोजायचं की चालण्याच्या वेळेवरून, पावसाळ्यापुरती गावातली शाळा चालू ठेवता येईल का, बस बंद पडली तर जबाबदारी कुणाची, असे प्रशासनाचे प्रश्न त्यात येतात. अग्रलेख तिथपर्यंत जात नाही, त्याचं ते कामही नाही.

पाण्याचंही तसंच. भोरजवळचं भाटघर धरण 1928 साली लॉइड धरण म्हणून पूर्ण झालं, आज जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, साठा साडेतेवीस टीएमसीच्या आसपास. त्याचं पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याचं डाव्या-उजव्या कालव्यात वाटप किती, यावर जून 2019 मध्ये एका सरकारने निर्णय घेतला आणि 2020 मध्ये दुसऱ्या सरकारने तो बदलला. त्या वेळच्या मजकुरात बारामती होती, माढा होतं, फलटण होतं. ज्या खोऱ्यात ते पाणी साठतं त्या भोरच्या वरच्या अंगाच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे त्यात शोधावं लागतं. धरण उशाला, कोरड घशाला. आंतरराज्य पाणीतंटा उमेदवार पाठ करतो, कृष्णा लवादाची वर्षं त्याच्या तोंडावर असतात. एकाच खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या तालुक्यांचा तंटा मात्र अभ्यासक्रमाबाहेरचा समजून सोडून देतो. वास्तविक 'सिंचन', 'विस्थापन', 'प्रादेशिक असमतोल' हे अभ्यासक्रमातले शब्द त्याच्या घरामागच्या जलाशयातच बुडालेले आहेत.

पश्चिम घाटाचं उदाहरण थोडक्यात. माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन यांचा 2013 चा. परिस्थितिकीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना 2014 पासून पुन्हापुन्हा निघते आहे. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशीचा. महाराष्ट्रातली दोन हजारांहून अधिक गावं त्यात आहेत आणि भोर-वेल्ह्यातलीही आहेत. शहरातला अग्रलेख बहुधा गाडगीळांच्या बाजूचा असतो आणि मीही त्या बाजूचा आहे. पण गावातल्या ग्रामसभेत 'घर बांधायला परवानगी मिळणार का, जमीन विकता येणार का' हेच विचारलं जातं, आणि त्याच डोंगरउतारांवर फार्महाऊसचे प्लॉट पडताना दिसतात. हे दोन्ही एका उत्तरात मांडता आलं तर परीक्षकाला वेगळं काही वाचल्यासारखं वाटेल. त्यासाठी अग्रलेखाबरोबर गावाची यादी, मसुद्यातल्या बंदीची कलमं आणि शक्य तर एखाद्या ग्रामसभेचा ठराव पाहावा लागतो. तलाठी कार्यालय आणि ग्रामपंचायत हे या तयारीतले फुकटचे संदर्भग्रंथ आहेत, त्यांची पानं फार कमी उमेदवार चाळतात.

वेळेचा हिशेबही सांगायला हवा. पेपरला दिवसाचे तीन तास देणारी मुलं आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. इतका वेळ द्यायची गरज नाही. बातम्यांना अर्धा-पाऊण तास, त्यातून निवडलेल्या एखाद्या अग्रलेखाला अर्धा तास, बस. रोजचा प्रत्येक अग्रलेख वाचायचाही नाही. पक्षातल्या रुसव्याफुगव्यावरचा, क्रिकेट संघनिवडीवरचा, कुणाच्या शोकसभेचा अग्रलेख सोडून द्यावा. कात्रणांच्या फाइली करण्याची जुनी सवय चांगली होती, कारण कात्रीने कापताना निवड करावी लागे. स्क्रीनशॉट काढताना कुणी निवड करत नाही, म्हणून फोनमध्ये हजारो पडून राहतात. शेती, पाणी, शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, न्यायव्यवस्था असे पाच-सहा विषय ठरवून घेतले आणि प्रत्येकाखाली वर्षभरात दहा-बारा अग्रलेख, त्यांच्या विरोधातली आपली टिपणं आणि तालुक्यातला एक नमुना एवढं जमलं, तरी ती वही कुठल्याही मासिक पुस्तिकेपेक्षा वजनदार होते.

हे सगळं करून निवड होईलच असं नाही. आकडे वर दिले आहेत. तिशीपर्यंत अटेम्प्ट देत राहणारी आणि मग भाताच्या खाचरात किंवा शिरवळच्या कारखान्यात परतणारी मुलं या भागाने पाहिली आहेत. त्यांना क्लासने दिलेली पाठांतरं पुढे काही कामाची नसतात. ज्याने मजकूर मुळातून वाचून त्यावर आपलं लिहायची सवय लावली, तो ग्रामसभेत उभा राहतो, माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहितो, भूसंपादनाच्या नोटिशीतली मेख ओळखतो. पुण्याचा रिंगरोड या पट्ट्यातून आखला गेल्यापासून अशा नोटिशी इथे नव्या राहिलेल्या नाहीत.

राहता राहिली मुलाखत. तिथे उमेदवाराचा सविस्तर अर्ज समोर असतो आणि प्रश्न त्याच्या गावापासून सुरू होतात. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. त्यावरचे बहुतेक अग्रलेख अभिमानाचे होते आणि तसे असायलाच हवेत. मुलाखतीचं मंडळ अभिमानाबद्दल विचारणार नाही. ते विचारेल की बारापैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असताना राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे का, आणि त्याने निधी आणि देखभालीत काय फरक पडतो. विचारेल की शनिवार-रविवारच्या गर्दीचा कचरा गुंजवणे आणि पालीच्या ग्रामपंचायतींनी कुठे टाकायचा, पार्किंगचे पैसे कुणाच्या तिजोरीत जावेत, आणि गडावर मुक्कामाला बंदी घातली तर पायथ्याच्या घरगुती खाणावळींचं काय होईल.